सुट्टीवर न गेलेला डाग

रंगखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणायचे. तिचा नवरासुद्धा. घरी तो "अगं"च्या पुढे कधी गेला नाही, पण कारखान्याचं फाटक ओलांडलं की त्याची बायको सिस्टर व्हायची आणि तिचा नवरा मिस्त्री. काळ्या हौदाचा मिस्त्री. कापडाचे तागे पांढरे आत जायचे आणि काळेभोर होऊन बाहेर यायचे, त्या हौदाच्या काठावर त्यानं सव्वीस वर्षं काढली. तिची नोकरी त्याच्यानंतर दोन वर्षांनी लागली, कारखान्याच्याच दवाखान्यात. दवाखाना म्हणजे तरी काय, एक खाट, एक नळ, एक कपाट, दोन स्टुलं आणि हौदांच्या बाजूला उघडणारी खिडकी. खिडकी उघडली की वाफ आत, बंद केली की उकडून जीव जायचा. अशा खोलीत बाईनं चोवीस वर्षं कुरकुर न करता काढली असं मी मुळीच सांगणार नाही. रोज कुरकुर केली. पण काम चोख केलं.

रंगखान्यातल्या माणसाची कातडी त्याची स्वतःची राहत नाही. गमबूट कितीही नवा असो, महिन्याभरात कुठेतरी चिरतो आणि आत पाणी जातं. लाल हौदावरच्यांचे पाय लाल, निळ्यावरच्यांचे निळे, काळ्यावरच्यांचे काळे. नखांचं तर विचारूच नका. सिस्टरला कामावर घेतलं होतं ते पुरळ, भाजणं आणि डोळ्यात रंग उडणं एवढं बघायला. मग एका वर्षी कातडीच्या डॉक्टरबाई आल्या, हातात भिंग घेऊन. दोन तास त्यांनी सिस्टरचं काम बघितलं आणि म्हणाल्या, "माना बघताय, कोपरं बघताय, छान. पण पाय का बघत नाही?"

"पायाला काय बघायचं, बाई?"

"मेलानोमा म्हणून कातडीचा एक कॅन्सर आहे. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तो बहुतेक तळपायाला धरतो. नाहीतर तळहाताला, नाहीतर नखाखाली. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी बघत नाही. तिळाएवढा असताना कापून टाकला तर माणूस वाचतो. उशीर झाला तर मग आपल्या हातात फार काही राहत नाही."

सिस्टरनं खिडकीकडे बोट दाखवलं. "तिकडे बघा. एकशेबारा माणसं आणि सगळ्यांचे तळवे रंगलेले. त्यात तीळ कसा शोधू?"

उत्तर सिस्टरनंच काढलं, आणि त्या उत्तरानं ती कारखान्यात मोठी झाली. वर्षातून एकदा बॉयलर साफ करायला अकरा दिवस कारखाना बंद असायचा. सिस्टरनं हुकूम काढला की सुट्टीत रोज अंघोळीच्या वेळी प्रत्येकानं वजरीनं तळवे घासायचे. सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी, हौद पेटायच्या आधी, सगळ्यांनी बूट-मोजे काढून रांगेत बसायचं. अकरा दिवसांत रंग फिका पडतो. जो पडत नाही त्याच्याकडे बघायचं. "जो डाग सुट्टीवर जात नाही," ती सगळ्यांना ठणकावून सांगायची, "तो माझा."

सुरुवातीला लोकांनी चेष्टेवारी नेलं. पाय धुऊन घेणारी बाई म्हणून तिची टर उडवली. मॅनेजरसाहेब तर पहिल्या वर्षी खोलीच्या दारातूनच म्हणाले, "सिस्टर, माझं लिहून टाका ठीक म्हणून. मी कुठे हौदात उतरतो?"

"साहेब, कॅन्सर हौद विचारून येत नाही. बसा."

"अहो, पण इतक्या लोकांसमोर..."

"मोजे काढा."

साहेब बसले. मोजा काढला तर अंगठ्याला हे एवढं भोक, आणि अंगठा बाहेर डोकावतोय. एकशेबारा माणसं खो खो हसली. साहेबांचे कान लाल झाले, पण सिस्टरनं दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं भिंगातून बघितलं आणि मगच वहीत "ठीक" लिहिलं. त्या दिवसापासून टर उडवणं बंद झालं. साहेबाला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, असं प्रत्येकाला कळून चुकलं.

तिसऱ्या वर्षी लंबू सापडला. निळ्या हौदावरचा उंच, किडकिडीत माणूस, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा. त्याच्या उजव्या तळव्याच्या खोलगट भागात एक ठिपका होता. मसुराच्या दाण्याएवढा, एका बाजूनं पसरलेला, अर्धा तपकिरी अर्धा काळा. लंबू म्हणाला, "वहिनी, रंग असेल." मिस्त्रीचा जिगरी दोस्त, म्हणून तो तिला वहिनी म्हणायचा. सिस्टर म्हणाली, "निळ्या हौदात काळा रंग कुठून आला रे?" त्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे पाठवला. तुकडा काढून तपासला, तोच निघाला. अगदी वरवर होता. आजूबाजूची कातडी कापली, मांडीची थोडी कातडी लावली, आणि दीड महिन्यात लंबू परत चौकटीला डोकं आपटायला हजर. पुढे दर वर्षी तो रांगेत पहिला बसायचा आणि नवीन माणसांना पाय वर करून ती खूण दाखवायचा. दाखवताना त्याची छाती फुगलेली असायची.

आता मिस्त्रीचं सांगते, आणि सांगताना मला राग येतो. कुणाचा येतो ते नीट कळत नाही.

तपासणीच्या दिवशी रांग लावायचं काम मिस्त्रीकडे. तो आरडाओरडा करून लोकांना बसवायचा, बूट एका ओळीत लावून घ्यायचा, एखादा पळ काढायला लागला तर त्याची कॉलर धरायचा. "माझी बायको आहे म्हणून सांगत नाही, पण तिच्या हातून पाय सुटला तर पाय जाईल!" असं ओरडून सांगायचा. तीन-साडेतीनपर्यंत रांग संपायची. सिस्टरची मान अवघडलेली, डोळे चुरचुरणारे. नवव्या तपासणीला तर मदतीला डॉक्टरबाईही आल्या होत्या, त्या भिंग पुसून पिशवीत टाकत होत्या. मग मिस्त्री उरलेल्या स्टुलावर टेकायचा. बूट घातलेलेच.

"आता मी एकटाच राहिलो."

"मग काढा की."

"अगं, मी घरचाच. घरी बघ. लिही ठीक, चहा घेऊ."

आणि ती लिहायची. नऊ वर्षं, नऊ वेळा, त्याच्या नावापुढे तिच्या वळणदार अक्षरात "ठीक". ज्या बाईनं मॅनेजरला सोडलं नाही तिनं. घरी तर रोज समोर असतो, असं तिच्या मनात यायचं. हे मनात यायचं ते खरंच यायचं, तिनं काही स्वतःला फसवायला मुद्दाम आणलेलं नव्हतं.

आणि घरी? घरीही तिनं त्याचे पाय कधी बघितले नव्हते. लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. सकाळी उठून बघते तर नव्या पांढऱ्या चादरीवर पायथ्याशी काळे ठसे. माहेरून आलेली चादर. ती तोंडाला येईल ते बोलली. "माणूस आहात की शाईची दौत?" असंही म्हणाली. त्या संध्याकाळी तो येताना काळ्या मोज्यांचे चार जोड घेऊन आला आणि तेव्हापासून मोजे घालून झोपायला लागला. उन्हाळ्यात, घाम येत असताना, मोजे. न्हाणीघरात घालायचा-काढायचा तेवढंच. पुढे ती कितीदा म्हणाली, "अहो, काढा ते, चादर गेली खड्ड्यात." तो हसायचा आणि म्हणायचा, "आता सवय झाली." मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, तिनंही बापाचे उघडे पाय कधी पाहिले नसावेत.

नवव्या तपासणीनंतर दोनेक महिने झाले असतील. रविवार होता. सिस्टर मोरीत कपडे धूत बसली होती. मोजे वेगळ्या बादलीत भिजवायची तिची पद्धत, कारण ते इतर कपड्यांना रंग लावतात. बादलीत हात घातला आणि थांबली. पाणी तांबूस झालं होतं. काळ्या हौदाचा रंग पाण्यात निळसर सुटतो, हे तिला इतक्या वर्षांच्या धुण्यानं शिकवलं होतं. तांबूस कधीच नाही. तिनं एक मोजा उलटा केला. तळव्याच्या जागी कापड कडक झालेलं. बोटानं चोळलं तर बोट लाल.

ती ओल्या हातांनी बाहेर आली. तो खुर्चीवर बसून पेपर वाचत होता.

"मोजे काढा."

"काय झालं?"

"काढा म्हणते ना!"

"अगं, काही नाही, गमबूट चावतोय..." त्यानं डावा पाय मागे ओढून घेतला.

तिनं खाली बसून त्याच पायाचा मोजा ओढला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तो पाय तिनं पहिल्यांदा हातात घेतला. डाव्या तळव्यावर, करंगळीच्या खाली, रुपयापेक्षा मोठा डाग होता. कडा वेड्यावाकड्या, कुठे काळा, कुठे तपकिरी, कुठे राखाडी. मधोमध मांस उघडं पडलेलं आणि ओलं. भिंगाची गरजच नव्हती.

"कधीपासून आहे हे?"

"रंगच आहे तो. बूट गळतो त्या बाजूनं."

"कधीपासून?"

त्यानं आठवल्यासारखं केलं. "मुलीच्या लग्नाच्या वर्षी तिळाएवढा होता. म्हणजे चार वर्षं झाली."

"आणि सुट्टीत जायचा नाही?"

त्यानं पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "नाही जायचा. पण तू एवढी दमलेली असायचीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर होती. बाईंनी भिंग लावलं, पटकन काढलं आणि जांघेत चाचपून बघितलं. तिथे गाठ होती. मग त्या सिस्टरकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मऊही नव्हता. "हा माणूस तुमच्या तपासणीत येत नव्हता का? चार तपासण्या हा डाग घेऊन फिरलाय."

सिस्टरनं तोंड उघडलं. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "मी दांडी मारायचो, डॉक्टर. ती ओरडायची, मी पळायचो. यंदा तुम्ही होतात, पण तुम्हीही दमला होतात, लक्षात आलं नसेल."

डॉक्टरबाईंनी कागदावर तसं लिहिलं. रुग्णानं तपासणी टाळली. आणि सिस्टर? सिस्टर मूग गिळून बसली. तिला बोलायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं, पण बोलली नाही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसल्यावर ती रडायला लागली तेव्हा तो म्हणाला, "उद्या एकशेअकरा पाय तुलाच बघायचे आहेत. तुझ्यावरचा विश्वास उडाला तर कोण मोजा काढेल?"

"पाय दोनशेबावीस," ती रडत रडत म्हणाली.

"तेच ते."

हे रंगामुळे झालेलं नाही, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. रंगानं फक्त झाकलं होतं. तळव्याचा मोठा तुकडा आणि दोन बोटं कापली, जांघेतल्या गाठी काढल्या. तीन महिने बरे गेले. मिस्त्री काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागला, सिस्टरच्या जिवात जीव आला. मग खोकला सुरू झाला. फोटो काढला तर फुप्फुसात पांढरे गोळे. औषधं झाली, इंजेक्शनं झाली, आणि एका दुपारी डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत बोलावून सांगितलं की आता घरी ठेवा, दुखू देऊ नका. सिस्टरनं एवढंच विचारलं, "चार वर्षांपूर्वी सापडला असता तर?" बाई कागद आवरायला लागल्या. दोघींनाही लंबू माहीत होता.

लंबू दर आठवड्याला यायचा. येताना चौकटीला डोकं आपटायचा, मिस्त्री खाटेवरून हसायचा, हसता हसता खोकायचा. एकदा लंबू चहाचा कप हातात घेऊन बसला होता आणि एकदम कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, तुम्ही नसता तर मी आज इथे नसतो. माझी पोरं दर वाढदिवसाला तुमचं नाव काढतात. आणि ह्याला बघा. दांडी मारायचा म्हणे! लाज नाही वाटत रे? घरात देव आणि..." मिस्त्री छताकडे बघत म्हणाला, "चुकलंच बाबा." सिस्टर कप उचलायच्या निमित्तानं आत गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की आपणच पडलो असतो खाटेवर तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटलं.

बॉयलरची सुट्टी आली आणि गेली. दहावा सोमवार उजाडला. सिस्टर येणार नाही असं सगळे धरून चालले होते, साहेबांनी तपासणी पुढे ढकलायची तयारीही केली होती. शेजारणीला मिस्त्रीजवळ बसवून ती बरोबर आठ वाजता आली. रांग लंबूनं लावली होती. डॉक्टरबाई शेजारच्या टेबलावर भिंग पुसत होत्या. सिस्टरनं वही उघडली, पण बसली नाही.

मिस्त्रीचं नाव अजून पटावर होतं. तिनं ते मोठ्यानं वाचलं.

"हा माणूस दांडी मारत नव्हता," ती म्हणाली. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "नऊही वर्षं तो ह्या स्टुलावर बसलाय. मी त्याचा बूट काढायला लावला नाही. घरचा माणूस म्हणून न बघता ठीक लिहिलं. डॉक्टरबाई, तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते खोटं आहे. माझ्यासाठी तो खोटं बोलला आणि मी बोलू दिलं."

मग तिनं वही टेबलावर ठेवली, जुनी पानं काढली आणि नऊच्या नऊ "ठीक" एकेक करून खोडले. प्रत्येकापुढे लिहिलं, "पाहिलं नाही." खाली सही केली. या कामाला बराच वेळ लागला. लंबू भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिनं वही डॉक्टरबाईंपुढे सरकवली. आता त्या काय म्हणतील, साहेब काय म्हणतील, नोकरी राहील का जाईल, कशाचीच तिला फिकीर उरली नव्हती. डॉक्टरबाईंनी ती पानं वाचली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. नवव्या वर्षाच्या ओळीखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, कारण त्याही त्या दिवशी तिथेच पिशवी भरत होत्या. मग वही परत दिली.

"पहिला माणूस," त्या म्हणाल्या.

लंबू येऊन बसला. त्यानं मोजे काढले. तो तिच्याकडे बघत नव्हता आणि तिनंही बघितलं नाही. ती खाली बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यांपासून सुरुवात केली. त्या दिवशी तिनं कुणालाही घाईनं सोडलं नाही. लाल हौदावरच्या एका माणसाच्या नखात बारीक काळी रेघ होती, ती तिनं डॉक्टरबाईंना दाखवली. उद्या यायला सांगितलं त्याला.

पाचच्या सुमारास ती घरी आली. खिडकीतून उजेड येत होता. शेजारीण उठून गेली. मिस्त्री उशीला टेकून बसला होता. गेल्या महिन्याभरात तो निम्मा झाला होता, पण डोळे जागे होते.

"झाली तपासणी?"

"झाली."

"सगळे आले?"

"सगळे."

"माझं नाव वाचलंस?"

"वाचलं."

"काय लिहिलंस?"

ती खाटेच्या पायथ्याशी बसली. "पाहिलं नाही, असं लिहिलं. नऊही वेळा. सगळ्यांसमोर सांगितलं."

तो रागावला असेल असं तिला वाटलं. मग त्यानं पांघरुणाखालून हळूहळू, दम खात खात, उजवा पाय बाहेर काढला. काळा मोजा घातलेला, धड असलेला पाय. तो तिच्या मांडीवर ठेवला.

"मग आता बघ," तो म्हणाला.

तिनं मोजा काढला. नऊ-दहा महिने हौदापासून लांब राहून पाय साफ उजळला होता, रंगाचा मागमूस नव्हता. पिशवीतून भिंग काढून ती उजेडाकडे वळली. टाच बघितली, तळव्याची खोलगट जागा बघितली, पाचही बोटं एकेक करून बाजूला करून बेचक्या बघितल्या, पाचही नखं बघितली. तो पाय न हलवता बसून राहिला. रांगेतल्या माणसानं बसावं तसा.

"काय आहे?" त्यानं विचारलं.

तिनं दोन्ही हातांनी तो पाय छातीशी धरला.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"मग लिही की तसं," मिस्त्री म्हणाला.